पेल्यात पाणी किती

प्रेम, वारुणी, गुलाब, पिकलेले केस आणि ‘उद्याचं उद्या बघू’ एवढ्याच भांडवलावर युरोपातल्या कवींनी अडीचशे-तीनशे वर्षं दुकान चालवलं. अनाक्रेऑन या प्राचीन ग्रीक कवीच्या नावावरून या कवितेला तिकडे अनाक्रेऑनी कविता म्हणतात. मी तिच्यापर्यंत पोचले ती जर्मनमधून. पुण्यात जर्मन शिकवताना अठरावं शतक आलं की पाठ्यपुस्तकं या कवींना अर्ध्या पानात उरकायची. गोएथेच्या आधीचे हलकेफुलके लोक, बस्स. उरकलेल्या माणसांबद्दल मला उगाचच कुतूहल वाटतं. आधी जर्मन कवी वाचले, मग त्यांच्यामागचे फ्रेंच आणि इंग्रज, मग लोएब मालेतली हिरव्या पुठ्ठ्याची ग्रीक-इंग्रजी पुस्तकं. मधूनमधून मराठीत भाषांतराची खटपटही केली. या उद्योगात जे हाती लागलं ते जसं आठवतं तसं मांडते आहे. ज्याला असली कविता वाचायची, पारखायची किंवा मराठीत आणायची असेल त्याच्या कामी येईल.

१. नाव एकाचं, शब्द भलत्यांचे. त्याने बिथरू नये

खरा अनाक्रेऑन इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर तेओस नावाचं ग्रीक नगर होतं, तिथला. त्याच्या कवितांची पुस्तकं पुढे हरवली. उरले ते तुकडे. कुणी व्याकरणाचं उदाहरण म्हणून दिलेले, कुणी वृत्ताचं, कुणी सहज गप्पांच्या ओघात सांगितलेले. युरोपने डोक्यावर घेतला तो अनाक्रेऑन मात्र हा नव्हेच. ‘अनाक्रेऑन्तेआ’ नावाचा साठेक कवितांचा एक संग्रह आहे. तो रचला निनावी कवींनी, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे सहाशे-सातशे वर्षांत, त्याच्या ढंगात. दहाव्या शतकातल्या एका जाडजूड हस्तलिखिताच्या शेवटाशी या कविता टिकून राहिल्या. १५५४ साली पॅरिसमध्ये आंरी एस्तिएन या तरुण मुद्रक-पंडिताने त्या लॅटिन भाषांतरासह छापल्या आणि खऱ्या अनाक्रेऑनच्याच म्हणून छापल्या. फ्रेंच कवी रोंसार इतका हरखला की त्याने एका कवितेत एस्तिएनच्या नावाने प्याला उंचावला. दोन वर्षांत रेमी बेलोचं फ्रेंच भाषांतर आलं, आणि लाट सुरू झाली.

हे पहिल्यांदा कळतं तेव्हा वाचणारा थोडा नाराज होतो. वर्गात हमखास कुणीतरी विचारायचं, “म्हणजे सगळं बनावटच की?” मी विष्णुदास नामाची आठवण करून द्यायची. त्याचे अभंग नामदेवांच्या अभंगांत मिसळून गेले आहेत. अभ्यासक ते वेगळे करत बसतात, करायलाच हवेत, पण गाणाऱ्याच्या तोंडात त्यामुळे काही कडू होत नाही. शिवाय या निनावी कवींनी फसवलंही नव्हतं. हस्तलिखितातली पहिलीच कविता पाहा. कवीला स्वप्नात म्हातारा अनाक्रेऑन भेटतो. त्याच्या ओठांना वारुणीचा वास आहे, पाय लटपटताहेत, कामदेव त्याचा हात धरून चालवतो आहे. तो आपल्या डोक्यावरचा हार काढून कवीला देतो, कवी वेड्यासारखा तो घालतो, आणि तेव्हापासून प्रेमातून सुटलेला नाही. ‘मी अनाक्रेऑन नाही, त्याचा उतरलेला हार घातलेला माणूस आहे’ हे याहून स्पष्ट कसं सांगायचं? सांगितलं होतं. ऐकून घेण्याची घाई कुणाला नव्हती.

त्या हस्तलिखिताचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण कवितेतल्या निवांतपणाशी त्याचा काही मेळ नाही. ते हायडेलबर्गच्या ग्रंथालयात होतं. तीस वर्षांच्या युद्धात १६२२ साली शहर पडलं आणि लुटीतली ग्रंथसंपदा पोपला नजर झाली. रोममध्ये त्याचे दोन भाग बांधले गेले. नेपोलियनने ते पॅरिसला नेले. त्याच्या पाडावानंतर १८१६ मध्ये मोठा भाग हायडेलबर्गला परतला, पण धाकटा भाग, ज्यात या प्यायच्या-प्रेमाच्या कविता आहेत, तो पॅरिसमध्येच राहिला. अजून तिथेच आहे.

२. आधी पाणी मोजा

मराठी वाचकाला दारूची कविता म्हटली की डोळ्यांपुढे गुत्ता तरी येतो नाहीतर तमाशाचा फड. ग्रीकांची बैठक तशी नसायची. जेवण उरकल्यावर पुरुष मंडळी पलंगांवर डाव्या कोपरावर रेलून बसत. मधोमध एक मोठं रुंद तोंडाचं भांडं. त्यात द्राक्षाच्या दारूत पाणी मिसळत, आणि किती मिसळायचं ते त्या रात्रीचा म्होरक्या ठरवी. बिनपाण्याची पिणं हे रानटीपणाचं लक्षण. मग पाळीपाळीने गाणं, कोडी, थट्टा. पेल्यात उरलेला गाळ नेम धरून एका लक्ष्यावर उडवायचा खेळही होता, आणि अनाक्रेऑनने त्याचाही उल्लेख केला आहे.

खऱ्या अनाक्रेऑनचा एक तुकडा यासाठी फार मोलाचा. त्यात तो पोऱ्याला पेला आणायला सांगतो आणि लगेच प्रमाण देतो. दहा पळ्या पाणी, पाच पळ्या वारुणी. पुढे म्हणतो, सिथियन लोकांसारखा आरडाओरडा करत प्यायचं नाही, बेताने प्यायचं आणि मधे चांगली गाणी म्हणायची. दारूचा कवी म्हणून ज्याची ख्याती, त्याच्या पेल्यात दोन तृतीयांश पाणी आहे.

मला वाटतं या साऱ्या कवितेची किल्ली इथे आहे. झिंगलेला माणूस हलकं लिहू शकत नाही. तो एक तर रडतो, नाहीतर भाषण करतो. हलकं लिहायला हात स्थिर लागतो. दुसऱ्या शतकातल्या पाउसानियास या प्रवाशाने अथेन्सच्या अॅक्रोपोलिसवर अनाक्रेऑनचा पुतळा पाहिला आणि ‘पिऊन गाणाऱ्या माणसासारखा’ अशी त्याची नोंद केली. त्या पुतळ्याची मानली जाणारी रोमन प्रत कोपनहेगनच्या संग्रहालयात आहे. तिची छायाचित्रं मी निरखून पाहिली आहेत. मान किंचित कललेली, बाकी माणूस ताठ उभा. मला तरी तो शुद्धीत दिसतो.

भाषांतराला बसण्याआधी म्हणून मी स्वतःला विचारते, या कवितेत पाणी किती आहे? ते ओळखता आलं नाही तर मराठीत नुसती ओकारी होते, किंवा नुसतं सरबत.

३. लघु-गुरू मोजल्याशिवाय हलकेपणा सापडत नाही

इथे मी जरा रेंगाळणार आहे. ज्यांना वृत्तांचा कंटाळा आहे त्यांनी खुशाल पुढच्या आकड्याकडे जावं.

ग्रीक कविता आपल्यासारखीच मात्रांच्या हिशेबाने चालते, आघातांच्या नव्हे. अनाक्रेऑनच्या नावाने ओळखली जाणारी ओळ आठ अक्षरांची आहे. ल ल ग ल ग ल ग ग. आमच्या वाचनगटातल्या संस्कृतच्या निवृत्त बाईंना हा आराखडा मी कागदावर काढून दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, ‘यमाताराजभानसलगा’ पुटपुटल्या आणि म्हणाल्या, “स, ज आणि दोन गुरू. यात परकं काय आहे?” काहीच नव्हतं. मराठीत ओळ अशी पडते:

पळ चार थांब येथे

या संग्रहात याच्या बरोबरीने वापरलेलं दुसरं वृत्त सात अक्षरांचं आहे, आणि आपल्या भाषेत ज, र आणि एक गुरू:

तुला कशास चिंता

दोन्ही ओळी माझ्याच, चालीपुरत्या केलेल्या. त्यांच्यात काव्य शोधू नये. पण मोठ्याने म्हणून पाहा. पहिलीत सुरुवातीचे दोन लघु घाईने उडी मारतात, मधे पाय अडखळल्याचं नाटक करतात आणि शेवटचे दोन गुरू जमिनीवर व्यवस्थित उतरतात. पडल्यासारखं करून न पडणं एवढीच या वृत्ताची करामत, आणि ती नशेची नक्कल आहे, नशा नव्हे.

याहून गंमत नंतर लक्षात आली. अशा दोन ओळी शेजारी ठेवा, की फारसी-उर्दू गझलेतलं एक अगदी ओळखीचं वृत्त तयार होतं. भेटीचा योगच नशिबात नव्हता असं म्हणणारी गालिबची ती प्रसिद्ध गझल आठवा. तिचा प्रत्येक मिसरा म्हणजे लघु-गुरूंच्या हिशेबाने दोन अनाक्रेऑनी ओळी आहेत. याचा अर्थ कुणी कुणाकडून घेतलं असा मी मुळीच लावत नाही. पण बाईंनी ती गझल तरन्नुममध्ये म्हटली आणि त्याच चालीत मी ग्रीक कविता वाचली, तेव्हा गटातल्या कुणालाही ग्रीकचा अर्थ विचारावासा वाटला नाही.

जर्मन आणि इंग्रज कवींची इथेच पंचाईत झाली. त्यांच्या भाषांत ऱ्हस्व-दीर्घाचं वजन कवितेला धरून ठेवत नाही, आघात धरतो. म्हणून इंग्रजीत एब्रहॅम काउलीने १६५६ साली या कविता आणल्या त्या चार ठोक्यांच्या, यमकांच्या जोड्यांत. जर्मनांनी वेगळी वाट काढली. आखूड ओळी आणि यमक अजिबात नाही. तेव्हाच्या जर्मन वाचकाला बिनयमकाची कविता म्हणजे बिनमिठाची भाजी वाटायची, त्यामुळे हे बरंच धाडसाचं होतं. हंगेरियन भाषेत मात्र दीर्घ स्वर खरोखर दीर्घ असतो. तिथल्या चोकोनाई या कवीची (१७७३–१८०५) अनाक्रेऑनी गाणी मला अर्थ न कळताही बरोबर चालीत ऐकू येतात.

मराठीला हा लाभ आयताच मिळालेला आहे. तो मुक्तछंदात घालवणारं भाषांतर माझ्याकडे आलं तर मी ते परत पाठवते.

४. कवीच्या पेल्यावरून कवीच्या घराची झडती घेऊ नये

हाल्ले हे जर्मनीतलं विद्यापीठाचं गाव. अठराव्या शतकात ते पाएटिस्ट या कडक धर्मनिष्ठ पंथाच्या लोकांचं ठाणं होतं. पापाची सतत जाणीव, प्रार्थना, अनाथाश्रम, शिस्त. त्यांच्यातल्या फ्रांकेने उभारलेल्या संस्थेच्या लांबलचक इमारती अजून तिथे आहेत. त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपोआप पाठ ताठ होते. याच गावात १७४०च्या सुमारास ग्लाइम, उत्स आणि ग्योत्स हे तीन विद्यार्थी एकत्र येऊन अनाक्रेऑन वाचू लागले. उत्स आणि ग्योत्सचं भाषांतर १७४६ मध्ये छापलं गेलं. ग्लाइमचा ‘थट्टेची गाणी’ अशा अर्थाचा संग्रह १७४४ पासून येऊ लागला. हाल्लेतच मायर नावाच्या तत्त्वज्ञानाच्या शिक्षकाने १७४४ साली थट्टेवर एक गंभीर ग्रंथ लिहिला. थट्टा कशी असावी, कशी नसावी, मर्यादा काय, सगळं कलमवार. हसायचं तर आधी हसण्याची परवानगी सिद्ध करायची, ही जर्मन तऱ्हा मला मनापासून आवडते.

योहान विल्हेल्म लुडविग ग्लाइम (१७१९–१८०३) पुढे हाल्बरश्टाट या कॅथीड्रलच्या गावी धर्मपीठाच्या कारभाराचा चिटणीस झाला आणि जन्मभर तिथेच राहिला. कवितेत चुंबनं, मुली आणि मद्य यांची रेलचेल. घरात? लग्न ठरलं होतं ते मोडलं, पुन्हा केलं नाही. पुतणी घर सांभाळायची. वेळेवर दप्तर, वेळेवर पत्रं. ‘कवीच्या लिखाणावरून त्याच्या वागण्याचा अंदाज बांधू नका’ अशा अर्थाची तंबी त्याने स्वतःच प्रस्तावनेत देऊन ठेवली होती.

त्याचं खरं व्यसन मैत्री. ज्याच्याशी पत्रव्यवहार त्याचं तैलचित्र काढवून घ्यायचं आणि भिंतीवर लावायचं. असं करत शंभराहून जास्त चेहरे जमले. त्या खोल्यांना त्याने मैत्रीचं मंदिर म्हटलं. हे घर १८६२ पासून संग्रहालय आहे. एप्रिल १९४५च्या बाँबहल्ल्यात हाल्बरश्टाटचा बहुतेक भाग जळाला, पण कॅथीड्रलच्या मागचं हे लाकडी चौकटीचं घर वाचलं. मी गेले तेव्हा आत जवळजवळ कुणी नव्हतं. साऱ्या चित्रांतली माणसं बघणाऱ्याकडे तोंड करून, एकाच आकाराच्या चौकटींत, दाटीवाटीने. हा माणूस एकटा जेवत असेल तेव्हा त्याला पंगत दिसत असणार. त्याच्या कवितेतली मैफल या खोल्यांतली आहे, कुठल्या मद्यालयातली नव्हे, हे तिथे उभं राहून पटलं.

याच ग्लाइमने सात वर्षांच्या युद्धात एका प्रशियन शिपायाच्या तोंडी युद्धगीतं लिहिली. १७५८ साली ती नाटककार लेसिंगच्या प्रस्तावनेसह आली आणि गाजली. जो जिवंत मुलीचं चुंबन न घेता चुंबनाचं गाणं लिहितो, तो बंदूक न उचलता लढाईचंही लिहितो. कसब तेच. मला त्याची थट्टेची गाणी जास्त प्रामाणिक वाटतात, कारण तिथे नाटक आहे हे तो लपवत नाही.

५. भीती गाळली की उरतो पाक

खऱ्या अनाक्रेऑनचं आयुष्य पाहा. तेओसवर इराणी फौजा चालून आल्या तेव्हा गावकरी समुद्रमार्गे पळाले आणि थ्रेसच्या किनाऱ्यावर अब्देरा इथे जाऊन वसले. हा त्यांच्यात होता. नंतर सामोस बेटावर पोलिक्रातेसच्या दरबारी. त्या सत्ताधीशाला इराणी सुभेदाराने कपटाने बोलावून मारलं, इ.स.पू. ५२२ च्या सुमारास. मग अथेन्सच्या हिप्पार्कोसने पन्नास वल्ह्यांचं जहाज पाठवून कवीला मानाने आणवलं. इ.स.पू. ५१४ मध्ये मिरवणुकीच्या दिवशी हिप्पार्कोसचाही खून झाला. म्हणजे ज्यांनी ज्यांनी त्याला गायला बसवलं, त्यातले दोघे रक्तात गेले. त्याच्या स्वतःच्या मरणाची दंतकथा मात्र हलकीच आहे. म्हणे, द्राक्षाची बी घशात अडकून गेला. लोकांनाही कवीला साजेसं मरण लागतं.

त्याच्या तुकड्यांत ही दुनिया आहे. एका ठिकाणी काम हा लोहार होऊन येतो, मोठ्या घणाने हाणतो आणि तापलेल्या माणसाला हिवाळ्यातल्या ओढ्यात बुडवतो. दुसऱ्या ठिकाणी कानशिलं पांढरी झाली आहेत, दात म्हातारे झाले आहेत, आणि तो पाताळाच्या धास्तीने हुंदके देतो, कारण तिकडची उतरण भयंकर आहे आणि उतरलेल्याला वर येता येत नाही.

नंतरच्या निनावी कवींनी लोहाराचं पोर केलं. पंख असलेलं, पावसात भिजून दारात येणारं, मधमाशी चावली म्हणून आईकडे रडत जाणारं. या कविता छान आहेत. भिजलेल्या पोराची तर फारच. त्याला आत घ्या, हात चोळून ऊब द्या, आणि ते धनुष्य भिजून बिघडलं तर नाही ना हे पाहायला तुमच्यावरच बाण मारतं. पण फ्रान्स-जर्मनीत पोचेपर्यंत हे पोर चिनीमातीचं झालं होतं, दिवाणखान्याच्या कपाटात ठेवण्याजोगं. सलग तीस अनाक्रेऑनी जर्मन कविता वाचल्यावर मला कारल्याची भाजी खावीशी वाटते.

म्हणून माझा पारखायचा निकष साधा आहे. ‘आत्ताच पिऊन घे’ असं कविता म्हणत असेल तर ‘नाहीतर काय?’ हे तिला विचारावं. उत्तरात मरण नीट दिसलं तर कविता खरी. नुसतं कोमेजलेलं फूल दिसलं तर तिला दुसऱ्यांदा वाचण्याची गरज नाही.

६. पोरींच्या नावांखाली पोरांची नावं आहेत

हे थोडक्यात. अनाक्रेऑनच्या प्रेमकवितांत क्लेओबुलोस आणि स्मेर्दिएस हे तरुण मुलगे आहेत, अनाक्रेऑन्तेआत बाथिल्लोस आहे. मुलीही आहेत. लेस्बोसच्या एका मुलीकडे तो पाहतो, पण तिचं लक्ष भलतीकडेच, आणि त्याचे केस पांढरे. युरोपातल्या अनेक रूपांतरकारांनी मुलग्यांना चुपचाप मुली केलं, किंवा तो भाग वगळला. मराठीत करताना ही सोय फार मोहाची आहे, कारण आपल्या क्रियापदाला लिंग असतं आणि एका प्रत्ययात काम भागतं. मी ती घेत नाही. वाचणाऱ्याला दचकायचं असेल तर त्याने ग्रीकांवर दचकावं.

७. चाल शब्दांहून लांब जाते

लंडनमध्ये १७६६ च्या सुमारास ‘अनाक्रेऑनिक सोसायटी’ नावाचं मंडळ निघालं. सुखवस्तू लोक, हौशी गवई, जेवण, मग गाणं. स्ट्रँडवरच्या ‘क्राउन अँड अँकर’ या मद्यालयात ते भरायचं, आणि १७९१ साली तिथे संगीतकार हायडनही येऊन गेला. त्यांचं स्वतःचं एक गीत होतं. स्वर्गातल्या अनाक्रेऑनला मंडळी अर्ज करतात की आमचे आश्रयदाते व्हा, अशी त्याची कल्पना. चाल जॉन स्टॅफर्ड स्मिथची. फारच पसरट चाल, खालून वर दीड सप्तक. चार पेले पोटात गेल्यावर ती म्हणता येते की नाही यावर शुद्धीची परीक्षा होत असावी असा मला संशय आहे.

१८१४ मध्ये बाल्टिमोरच्या किल्ल्यावरचा तोफांचा मारा पाहून फ्रान्सिस स्कॉट कीने कविता लिहिली, ती या चालीवर बसली, आणि १९३१ मध्ये तेच गाणं अमेरिकेचं अधिकृत राष्ट्रगीत झालं. अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मावशी, म्हणूनच ते कुणाला नीट म्हणता येत नाही!”

याउलट स्वीडनचा बेलमान (१७४०–१७९५). त्याला अनाक्रेऑनच्या घराण्यात बसवतात, पण त्याच्या गाण्यांत द्राक्षवेल नाही, धान्याची जहाल दारू आहे आणि स्टॉकहोमच्या गल्ल्या आहेत. त्याचा नायक फ्रेडमान घड्याळजी आहे, ज्याच्याकडे ना घड्याळ ना दुकान. १७९० साली आलेल्या बेलमानच्या ब्याऐंशी गीतांत नाच, भांडणं, खाटेवरचं मरण, सगळं नाजूक दरबारी चालींवर गायलेलं आहे. बेलमान पुढे कर्जापायी तुरुंगात गेला आणि क्षयाने वारला. ग्लाइमच्या खोलीतून निघून इथे आलं की खिडकी उघडल्यासारखं वाटतं. वासही येतो, तो सोसावा.

८. निरोप घ्यायचा तर वृत्त बदलून घ्यावा

लाइपझिगमध्ये शिकत असताना कोवळ्या गोएथेनेही अशी पुष्कळ गाणी लिहिली. चांगली आहेत, पण ती आणखी दहाजणांनी लिहिली असती. १७८५ च्या आसपास मात्र त्याने अनाक्रेऑनच्या थडग्यावर सहा ओळी लिहिल्या. गुलाब, वेल, पारवे आणि रातकिडे ज्याभोवती आहेत असं थडगं दिसतं, हे कुणाचं असा प्रश्न पडतो, आणि उत्तर मिळतं. गोएथेने इथे अनाक्रेऑनचं वृत्त वापरलं नाही. ग्रीक समाधिलेखांचं लांब-आखूड ओळींचं जोडवृत्त घेतलं. त्यामुळे चेष्टेखोर पावलं थांबतात आणि आदराने उभी राहतात. १८८८ मध्ये ह्यूगो वोल्फने त्याला चाल लावली, ती संथ आहे. मला या सहा ओळी पूर्ण जर्मन अनाक्रेऑनी साहित्याहून प्रिय आहेत, आणि हे विधान मी ग्लाइमच्या चित्रांसमोर करणार नाही.

पुढे १८१४ मध्ये गोएथेला हाफिज सापडला, हामरच्या भाषांतरातून. १८१९ च्या ‘दिवान’मध्ये साकीला आख्खा एक भाग दिलेला आहे. ग्रीक पेला ठेवून त्याने फारसी पेला उचलला. आपल्याकडे मराठीत हा विषय आला तो या दुसऱ्या वाटेनेच. माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक. त्यांनी १९२९ साली खय्यामच्या रुबाया मूळ फारसीतून आणल्या, आणि फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून ‘द्राक्षकन्या’ केली. ‘छंदोरचना’ लिहिणाऱ्या माणसाला अनाक्रेऑनच्या त्या आठ अक्षरांचं काय वाटलं असतं, हा माझा एक रिकामपणचा खेळ आहे. खय्यामच्या पेल्यात विश्वाचं कोडं असतं. अनाक्रेऑनच्या पेल्यात फक्त आजची संध्याकाळ. मराठी रसिकाला पहिला जास्त रुचला, कारण त्यात प्यायला तत्त्वज्ञानाचं निमित्त मिळतं.

९. एका बैठकीला चार, पाचवी नको

साठ कविता ओळीने वाचू नयेत. सुरुवात कुठून? वीरगाथा गायला घेतलेल्या वीणेतून प्रेमच वाजत राहतं, तार बदलली तरी, वीणा बदलली तरी, त्या कवितेपासून. मग रातकिड्याची, ही गोएथेनेही जर्मनमध्ये केली आहे. मग सगळी सृष्टीच पिते आहे, जमीन पावसाला, झाड जमिनीला, तर मलाच मनाई का, असा युक्तिवाद करणारी. तो युक्तिवाद लंगडा आहे आणि कवीला ते ठाऊक आहे, हीच मजा. चौथी, पोरी ‘आरशात बघ, म्हातारा झालास’ म्हणून चिडवतात ती. ही साठीच्या पुढच्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावी. आमच्या गटात त्यासाठी दोन उमेदवार आहेत आणि दोघांनाही वाटतं की ती दुसऱ्याला जास्त शोभते.